विनंती विशेष

जुन्या मराठी पत्रात मायना संपला, आशीर्वाद देऊन झाले, इकडील क्षेम सांगून झाले, की दोन अक्षरे येत: ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. आणि ह्या ‘विशेष’च्या पुढे काय येई? गाय व्याली, कालवड झाली. मागल्या भिंतीला पोपडे धरले आहेत. सोमवारी पाऊस झाला, पण ओल वीतभरच गेली. धाकटीला खोकला होता, आता उतार आहे. एवढ्याला आपले वाडवडील विशेष म्हणत आणि ते सांगण्याकरिता टाक शाईत बुडवीत. आज तोच शब्द पुण्याच्या, चाकणच्या नाहीतर न्यू जर्सीच्या चिरंजिवांच्या तोंडी आहे. ते फोनवर विचारतात, “बाकी विशेष काही नाही ना, अण्णा?” प्रश्नातच उत्तर घालून ठेवलेले असते. त्यांच्या हिशेबी विशेष म्हणजे इस्पितळ, मयत किंवा पैसा. ह्या तिहींपैकी काही नसले, तर “बरं मग, ठेवतो.”

त्या प्रश्नाच्या शेपटाला जो ‘ना’ आहे, त्याच्याशी माझे भांडण आहे. ते ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटावर काढतो आहे ह्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनी रागावू नये. ज्यांच्याशी भांडायचे, ते वर्षातले हेच चार दिवस घरी सापडतात.

भांडण हवेत नको, म्हणून गाव सांगतो. कोल्हार. अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, प्रवरेच्या काठचे. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला गेलेल्या प्रत्येकाने हे गाव पाहिले आहे, बहुधा मोटारीच्या काचेतून आणि पुलावरच्या गर्दीला नावे ठेवीत. भगवतीमातेचे गाव. नदीच्या ह्या अंगाला कोल्हार बुद्रुक, पलीकडे खुर्द. जवळच लोणी, १९५० साली पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप जिथे सुरू झाले आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांची नावे जिथे अजून एका श्वासात घेतली जातात, ते लोणी. ह्या पट्ट्यातला मुलगा शिकला आणि बाहेर गेला, कारण उसाने त्याच्या शिक्षणाची फी भरली. बाप मागे राहिला, कारण उसाला पाणी द्यायला कोणीतरी हवे.

असा बाप फोनवर काय सांगतो? “पाणी सुटलंय म्हणतात.” मुलाच्या कानाला हे एक वाक्य. पण ते उकलून पाहा. पाणी सुटले म्हणजे भंडारदऱ्याहून सुटले. तिथले धरण १९२६ साली पुरे झाले, गव्हर्नर विल्सनचे नाव त्याला पडले. पाणी तिथून नदीने संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत येते आणि मग डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते. वाटेत निळवंडे आहे; त्याच्या डाव्या कालव्याच्या लोकार्पणासाठी २०२३ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांना यावे लागले, इतकी दशके ते काम रेंगाळले होते. शिवाय २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटप आले, तेव्हापासून खाली जायकवाडीला किती सोडायचे आणि वर किती ठेवायचे, ह्यावरून दर तुटीच्या वर्षी नगर-नाशिक एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे, असा सामना आहे. ‘पाणी सुटलंय’ ह्या दोन शब्दांत एवढे सगळे आहे. त्यातले ‘म्हणतात’ हेही फुकट नाही. म्हणतात, म्हणजे चारीला अजून पोहोचलेले नाही, वरच्यांनी अडवले असेल, आणि आपल्याला विचारायला जावे लागेल.

किंवा तो म्हणतो, “उसाला तुरा आलाय यंदा.” मुलाला वाटते, अण्णांना म्हातारपणी निसर्गसौंदर्य दिसू लागले. अरे बाबा, तुरा दिसायला चांगला, पण तो आला की उसाची वाढ थांबते, कांडीत पोकळी धरू लागते, वजन घटते. तुरा आलेला ऊस शेतात उभा आहे ह्याचा अर्थ तोडणीची टोळी आलेली नाही, कारखान्याची पाळी लागलेली नाही, आणि बाप रोज सकाळी बांधावर जाऊन आपले पैसे हलके होताना पाहतो आहे. “कांद्याला कोंब फुटायला लागलेत” ह्याचा अर्थ, भाव चढेल म्हणून चाळीत थांबवून ठेवला आणि तो चढला नाही. “दुधाला फॅट लागत नाही हल्ली” ह्याचा अर्थ साडेतीनच्या खाली गेले, दर कापला, आणि बहुधा पेंड कमी केली आहे, कारण पेंडीला पैसे नाहीत. ते पैसे मुलाकडे मागायचे नाहीत, असे त्याने ठरवले आहे.

माझ्या वादाचा कणा इथे आहे. मराठी बाप दुःख दुःखाच्या नावाने सांगत नाही. “मला एकटे वाटते” हे वाक्य त्याला येतच नाही. कोणी शिकवले नाही, आणि कोणी बोलून दाखवले तर तो संकोचाने दुसरीकडे पाहील. तो म्हणेल, “चिंचेची फांदी पत्र्यावर आलीये, तोडायला माणूस मिळत नाही.” मागच्या वर्षापर्यंत तो स्वतःच चढत होता. तो म्हणेल, “तुझी आई आता देवीला घरूनच हात जोडते.” देऊळ हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे गुडघे गेले. तो म्हणेल, “पेपर बंद केला, नुसत्या जाहिराती असतात.” जाहिराती वीस वर्षांपूर्वीही होत्या, मोतीबिंदू तेवढा नव्हता. डॉक्टराला सांगावे असे सारे तो फांदीच्या, देवीच्या आणि पेपराच्या मिषाने मुलाला सांगत असतो. मुलगा ते ‘विशेष नाही’ ह्या खात्यावर टाकतो आणि मग एके दिवशी फोन येतो, तेव्हा धावत येऊन विचारतो, “तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?” सांगितले होते. तीन वेळा सांगितले होते.

ह्या बापाचा पूर्वेतिहासही लक्षात घ्या. हाच माणूस तरुणपणी घरात शिरला की मुले पुस्तके उघडीत. तो बोलत असे हुकुमात: दार लाव, बैलांना वैरण टाक, किती मार्क पडले. घरची खबरबात हे आईचे खाते होते. शेजारच्या सुनेपासून मांजरीच्या पिलांपर्यंत सारे आई सांगे, आणि बाप पेपराआडून ऐकत नसल्याचे दाखवी. तीस-पस्तीस वर्षे ज्याने मुलाशी आज्ञार्थावाचून बोलणे केले नाही, तो सत्तरीत येऊन सांगतो की, कोंबडीने पेंढ्यात अंडी घातली होती, आज सापडली, सात निघाली. हा माणूस इतका मऊ झाला आहे, आणि त्याला मुलाशी बोलायला ह्याहून दुसरी भाषा नाही. आणि हे ऐकून आपण घड्याळ पाहतो.

मुलांच्या बाजूचे म्हणणे मला ठाऊक आहे. पहिले, वेळ नाही. दिवसभर काम, दीड तास गर्दीत, रात्री परदेशातल्या वरिष्ठाशी बोलणे, घराचा हप्ता. खोटे नाही. पण हेच गृहस्थ झोपण्यापूर्वी कोण्या क्रिकेटपटूच्या लग्नाची चित्रे, अमेरिकेच्या निवडणुकीतले टोमणे आणि अनोळखी माणसाने कुत्र्याला आंघोळ कशी घातली, हे सगळे मन लावून पाहतात. परक्याच्या कुत्र्याला वेळ आहे; आपल्याच गोठ्यातल्या गाईला नाही. तेव्हा वेळेची सबब माझ्यापुढे काढू नये.

दुसरे म्हणणे अधिक पुढे केले जाते: अण्णा तेच ते सांगतात. इथे मी हवामान खात्याला साक्षीला बोलावतो. देशभरच्या वेधशाळांत रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजून लिहितात. पडला तर किती, नाही पडला तर शून्य. शून्यही लिहितात! महिनोन्‌महिने शून्ये लिहीत बसतात, आणि पुण्याच्या कचेरीत त्यांना कोणी म्हणत नाही, “अहो, तेच ते काय, विशेष असेल तेव्हा कळवा.” कारण रोजची नोंद असली, तरच त्यात फरक दिसतो. एकदम कळवलेला महापूर ही बातमी असते. पण तो येणार हे कळते ते रोजच्या नोंदीतून. तुमचा बाप तुमच्या घराची अशी नोंद ठेवतो आहे, बिनपगारी. त्याची शून्ये ऐकण्याची सवय नसलेल्याला आकडा बदललेला कळणार कसा?

तिसरा आक्षेप साहित्यिक मंडळींचा आहे, आणि दिवाळी अंकात त्यांना उत्तर दिलेच पाहिजे. पत्र म्हणजे त्यात विचार हवा, भावना हव्यात, निदान विरह तरी हवा. घरगुती टाचणांत काय आहे, असे ते म्हणतात. इतिहासाचार्य राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवीत गावोगाव हिंडले. १८९८ पासून त्यांचे बावीस खंड निघाले. पुढे सरदेसायांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले. त्यांत लढाया आणि तह आहेत, तसेच पाऊसपाणी, धान्याची धारण, लग्नकार्ये, आजारपणे आणि घोड्यांची खरेदीही आहे. लिहिणाऱ्यांनी ते कोणा इतिहासकारासाठी लिहिले नव्हते. घरच्या माणसाला कळावे म्हणून लिहिले होते. मंडालेच्या तुरुंगातले टिळक घ्या. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ते तिथे. गीतारहस्य तिथेच लिहिले. त्याच कोठडीतून भाचे धोंडोपंत विद्वांस ह्यांना लिहिलेल्या पत्रांत मुलांच्या शिक्षणाची, घरच्या व्यवस्थेची, प्रकृतीची चौकशी आहे. कर्मयोगाचे शास्त्र मांडणाऱ्याला पोरांच्या अभ्यासाची बातमी क्षुल्लक वाटली नाही. आणि ह्याच प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या खाली नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यात ब्रह्म समजावले आहे ते आईच्या घासाने, दिव्याने, बी-पेरणीने, चुलीशेजारच्या वस्तूंनी. प्रवरेचे पाणी पिऊन कोणी घरगुती गोष्टींना हलके म्हणू नये, एवढेच म्हणतो.

आता एका चमत्काराकडे वाचकांचे लक्ष वेधतो. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ च्या जुलैत आले, पाव आण्याला. टीचभर जागा, तरी त्यात पाऊस, पीक, लेकीचे सासर आणि म्हशीचा सौदा मावत असे, आणि उरलेल्या कडेला आडवे लिहून आजीचा आशीर्वाद बसवला जाई. पत्र नेमके पोहोचावे म्हणून १९७२ च्या स्वातंत्र्यदिनापासून पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृत कवी! (सरकारी कचेरीत कवी असला की असा उपयोग होतो.) पुढे ट्रंक कॉल आला, तीन मिनिटांत ओरडून का होईना, सगळ्या घराची हजेरी होई. मग पिवळ्या पाटीचे एसटीडीचे दुकान. रात्री उशिरा पाव दर लागतो म्हणून लोक पोरे कडेवर घेऊन रांगेत उभे राहत आणि समोरच्या लाल आकड्यांकडे पाहत भराभर बोलत. पैसे पडत, तोवर बातम्या होत्या. आता बोलणे जवळजवळ फुकट झाले, चेहराही दिसतो, आणि बोलायला काही उरले नाही! “जेवलात का?” “जेवलो.” “बीपीची गोळी घेतली?” “घेतली.” हे संभाषण की रुग्णालयातला तक्ता?

ह्यात बापांचाही दोष आहे. त्यांना सोडून देणे पक्षपात होईल. रोज पहाटे गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेले चित्र पंचवीस जणांना धाडायचे आणि आपली बातमी दडपायची, ही नवी रीत मला अजिबात पसंत नाही. त्या गुलाबाचा आणि कोल्हारचा काय संबंध? तुमच्या दारात जास्वंद आहे, तिच्यावर मावा पडला आहे, ते लिहा. दुसरा दोष उपदेशाचा. मुलगा ऐकतो आहे असे दिसले की काही वडील बातमी सोडून बोधावर घसरतात: आमच्या वेळी असे होते, तुम्ही लोक उधळे आहात. मग मुलगा फोन कानापासून लांब धरतो, आणि त्या वेळी मला त्याचाच पक्ष घ्यावासा वाटतो. बोध नको, बातमी द्या. विजेचे बिल किती आले, कोणाच्या घरी भांडण झाले, नवा पोस्टमन कसा आहे. आणि मुलाने “तुमच्याकडे काय?” म्हटल्यावर लगेच “आमचं काय, चाललंय” असे म्हणून दार लावून घेऊ नका. वीस वर्षे असे म्हणायचे आणि मग मुले विचारीत नाहीत म्हणून रडायचे, हे बरे नव्हे.

कायद्याकडे बोट दाखवणारेही भेटतात. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० साली ठराव केला की, आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून तीस टक्के कापावेत. चांगलेच केले. पण मी ज्या मुलांशी भांडतो आहे, ती ह्या कायद्यात सापडणारी नाहीत. ती पैसे पाठवतात, वेळेवर पाठवतात. औषधे घरपोच येतात, दिवाळीला नवा कोट येतो, ओट्यावर पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे, आणि गेल्या वर्षापासून दारावर कॅमेराही बसला आहे. मुलगा पुण्याहून पाहू शकतो की, अण्णा ओसरीवर बसले आहेत. बसले आहेत एवढे दिसते. कॅमेऱ्याला आवाज नसतो, आणि असला तरी तिथे कोणी बोलत नसते. बोलायचे ज्याच्याशी, तो पाहत असतो.

म्हणून ह्या चार दिवसांपुरती माझी मागणी साधी आहे. लक्ष्मीपूजन झाले, भाऊबीजेला बहिणी येऊन गेल्या, की गाडी काढण्याची घाई करण्यापूर्वी वडिलांबरोबर बांधापर्यंत चालत जा. फोन खिशात राहू द्या. तिथे काहीही विचारा, पण बारीकसारीक विचारा: लावण कोणत्या महिन्यातली, खोडवा किती राखायचा, गव्हाला वाफसा आला का, त्या कोपऱ्यातली विहीर केव्हापासून बुजत चालली. पहिल्या प्रश्नाला तुटक उत्तर येईल. दुसऱ्यालाही येईल. तिसऱ्याला ते उभे राहतील आणि काठीने ढेकूळ फोडून दाखवतील.

आणि पुण्याला पोहोचल्यावर येत्या महिन्यात केव्हातरी ते फोनवर दोन गोष्टी सांगतील. एक, गावात बिबट्या आला आहे म्हणे, उसात पिले दिसली. ते ऐकून तुम्हाला गंमत वाटेल, चित्र पाठवा म्हणाल. दोन, जरा थांबून, शेतीची वीज ह्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला आहे. ह्या दोन बातम्या वेगवेगळ्या नाहीत. त्या एकत्र ऐका आणि विचारा, “अण्णा, मग रात्री पाणी द्यायला कोण गेलं होतं?”